पडताळ : कॉपीबुक वाचणाऱ्या एका साधनाच्या नोंदी

रविवार, १२ जानेवारी २०२५

साधनाला तूर्त नाव दिलंय 'पडताळ'. काम एकच. कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत रेकॉर्डची रचना ज्यात लिहिलेली असते ते कॉपीबुक वाचायचं, त्याबरहुकूम डेटा फाइलमधलं एकेक रेकॉर्ड उलगडायचं, आणि ज्या रेकॉर्डवर रात्रीचा जॉब (ओळीने आपोआप चालणारे प्रोग्राम) बंद पडणार आहे ते जॉब लागायच्या आधीच बोट ठेवून दाखवायचं.

हे कशासाठी करते आहे ते सुरुवातीलाच लिहून ठेवते, म्हणजे मध्येच हात गळाले तर वाचायला होईल. मी हिंजवडीत एका सर्व्हिस कंपनीत मेनफ्रेम (बँका-विमा कंपन्यांचे मोठे संगणक) सपोर्टला आहे. ग्राहक युरोपातला, विम्याच्या धंद्यातला. त्यांची रात्रीची बॅच आपल्याकडे पहाटे चालते. जॉब अबेंड झाला, म्हणजे मध्येच बंद पडला, की ऑन-कॉलचा फोन वाजतो, आणि बहुतेक वेळा कारण ठरलेलं असतं : सॉक सेव्हन, म्हणजे ०सी७ हा बिघाडाचा कोड. जिथे आकडा असायला हवा तिथे आकडा नसलेलं काहीतरी येऊन बसलंय आणि प्रोग्राम त्याची बेरीज करायला गेलाय. आमच्या रनबुकात, म्हणजे काय बिघडलं तर काय करायचं याच्या पुस्तिकेत, त्यावर उतारा लिहिलेला आहे. डंप (बंद पडतानाच्या मेमरीची नक्कल) बघा, रेकॉर्ड शोधा, ते वेगळ्या फाइलीत काढून ठेवा, त्याच स्टेपपासून जॉब पुन्हा लावा, टिकीट बंद करा. वेळेत झालं तर एसएलए, म्हणजे ग्राहकाला दिलेला वेळेचा शब्द, पाळला गेला, शाबासकीचा मेल येतो.

पुढच्या आठवड्यात तेच फील्ड, तोच जॉब, नवीन टिकीट.

मेनफ्रेम जुनाट म्हणून पोरांना नको असतं असं सगळे धरून चालतात. ट्रेनिंगला मीही जावा मागितलं होतं आणि यादीत नाव मेनफ्रेमला लागलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पण आता तसं नाही. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० ही मेनफ्रेमची मालिका जाहीर केली आणि तेव्हापासूनचे प्रोग्राम पुढच्या पिढ्यांच्या यंत्रांवर चालत राहतील ही सोय साठ वर्षं जपली. इतका दीर्घ शब्द पाळणारं दुसरं काही संगणकाच्या जगात मला तरी दिसत नाही. माझी तक्रार यंत्राबद्दल नाही. बिघाड मुळात कुठून येतो हे शोधायला मला कुणी सांगत नाही, आणि मी शोधलं तर ते ठेवायला जागा नसते. टिकिटाच्या फॉर्मवर 'मूळ कारण' असा रकाना आहे. त्यात सगळे 'डेटा इश्यू' असं लिहितात आणि फॉर्म ते स्वीकारतो.

मला असं काम करायचं आहे ज्यात तो रकाना खरा भरता येईल. तूर्त ते नोकरीत मिळत नाही, म्हणून शनिवार-रविवार.

शनिवार, १८ जानेवारी

कोडच्या आधी नियम.

ऑफर लेटरवर सही करताना जे कलम मी वाचलं नव्हतं ते आज नीट वाचलं. नोकरीत असताना कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित जे काही तयार कराल ते कंपनीचं. 'संबंधित' म्हणजे किती, हे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून एचआरला सरळ मेल टाकला : घरच्या लॅपटॉपवर, सुट्टीच्या वेळात, सार्वजनिक माहितीवरून एक साधन लिहिते आहे, पुढे ओपन सोर्स करायचा विचार आहे, परवानगी कशी घ्यायची. आमच्या रूमवरच्या दोघी म्हणाल्या, कशाला विचारतेस, गुपचूप कर. मला गुपचूप काही करायचं नाही. हे साधन उद्या मुलाखतीत मांडायचं असेल तर त्याची मालकी स्वच्छ हवी.

बाकीचं ठरवलं ते असं. ग्राहकाचा एक बाइटही घरी येणार नाही. कॉपीबुक नाही, फील्डचं नावसुद्धा नाही. चाचणीचा डेटा मीच बनवायचा. त्यासाठी ग्नू-कोबोल टाकलं. मोफत कंपायलर आहे, पूर्वी त्याला ओपन-कोबोल म्हणायचे. त्यात छोटे प्रोग्राम लिहून चांगले-वाईट दोन्ही रेकॉर्ड फाइलीत उतरवायचे आणि पायथनमध्ये लिहिलेल्या 'पडताळ'ला ते ओळखायला लावायचे.

रविवार, २६ जानेवारी

सुट्टी रविवारी आल्याने एक दिवस बुडाला. तरी आजचं काम भरपूर झालं.

कॉपीबुक वाचणं वरकरणी सोपं वाटतं. जुन्या कोबोलमध्ये ओळीतली जागाच व्याकरणाचा भाग असते. पहिले सहा रकाने क्रमांकाचे, सातव्यात तारा असेल तर ती ओळ टीप, खरा मजकूर आठ ते बहात्तर, आणि त्र्याहत्तरच्या पुढे काहीही लिहिलं तरी कंपायलर ढुंकून बघत नाही. पंच कार्डाचे ऐंशी रकाने होते, त्याचा हा वारसा. कुणीतरी कधीतरी शेवटच्या आठ रकान्यांत तारीख किंवा बदलाचा क्रमांक टाकलेला असतो; तो मजकुरात घेतला की पार्सर (मजकुराची फोड करणारा भाग) आडवा होतो. त्यामुळे आधी ओळ कापायची, मग समजून घ्यायची.

मग पातळ्या. ०१ म्हणजे पूर्ण रेकॉर्ड, त्याच्या आत ०५, ०५ च्या आत १०. आकड्याला स्वतःची किंमत नाही, मोठा की लहान एवढंच बघायचं. ८८ वेगळी : ती फक्त अटीला दिलेलं नाव, जागा शून्य. ती फील्ड म्हणून मोजली तर पुढचं सगळं सरकतं.

आता मुख्य गोष्ट, पॅक्ड डेसिमल. हे मी सावकाश लिहिते, कारण सॉक सेव्हनची सगळी कथा इथे आहे.

समजा फील्ड आहे पिक एस९(७)व्ही९९ कॉम्प-३. सात पूर्णांकी अंक, दोन दशांश, चिन्हासह. 'व्ही' ही दशांश चिन्हाची नुसती मानलेली जागा, फाइलीत ती नसते. कॉम्प-३ म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक बसवायचे आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह. नऊ अंक अधिक एक चिन्ह, दहा अर्धे, म्हणजे पाच बाइट. १२३४ रुपये ५० पैसे असे दिसतात :

०० ०१ २३ ४५ ०सी

हे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या आधाराने लिहिलंय; त्यात नऊच्या पुढे ए ते एफ येतात. शेवटचा सी म्हणजे अधिक. डी असेल तर उणे. फील्ड चिन्हाविना असेल तर एफ. आयएसपीएफ या मेनफ्रेमवरच्या एडिटरमध्ये फाइल उघडून 'हेक्स ऑन' म्हटलं की प्रत्येक अक्षराखाली दोन उभे अंक दिसतात आणि ही रक्कम वर-खाली नजर फिरवत वाचता येते. ऑफिसात पहिल्यांदा ती तशी वाचता आली तेव्हा मला जो आनंद झाला होता तो कुठल्याही शाबासकीच्या मेलने झालेला नाही.

आणि बिघडलेलं फील्ड असं दिसतं :

४० ४० ४० ४० ४०

मेनफ्रेमच्या एब्सिडिक लिपीत ४० म्हणजे कोरी जागा, स्पेस. यंत्र चिन्ह शोधायला शेवटच्या अर्ध्या बाइटपाशी जातं, तिथे शून्य. शून्य हा अंक आहे, चिन्ह नाही. बेरीज थांबते, जॉब पडतो.

आज 'पडताळ' हे दोन्ही ओळखू लागलं. बरोबर रक्कम रुपये-पैशांत दाखवतं, चुकीची असेल तर रेकॉर्डचा क्रमांक, फील्डचं नाव, सुरुवातीचा बाइट आणि आतला कच्चा हेक्स छापतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ऑन-कॉलचा आठवडा, झोप तुकड्यातुकड्यांत. कोड नाही. एका प्रॉडक्ट कंपनीत फोनवर मुलाखत झाली. आठ-दहा मिनिटांत संपली. "तुमचा अनुभव सपोर्टचा आहे, आम्हाला डेव्हलपमेंटचा हवा." मी साधनाबद्दल सांगायला लागले, पण त्यांच्यापुढे एक यादी होती आणि त्या यादीत माझ्या बोलण्याला रकाना नव्हता.

हा पेच माझ्या बॅचमधल्या निम्म्या मुलांचा आहे. साडेतीन लाखांच्या आसपास पगारावर घेतलं, कुठल्या कामाला लावायचं ते कंपनीने ठरवलं, आणि दोन-तीन वर्षांनी बाजार त्या कामाचाच शिक्का बघून दार लावतो. शिक्का आम्ही निवडलेला नसतो. प्रोजेक्टमधून सुटायचं म्हटलं तर बेंचची, म्हणजे प्रोजेक्टविना बसून राहण्याची, भीती, कारण बेंचवर फार दिवस बसलेल्याला काढायला आधी बोलावणं येतं. म्हणून पोरं रात्री अल्गोरिदमची कोडी सोडवतात. मीही सोडवते. पण झाडासारख्या डेटा रचनेवरून उलटसुलट फिरण्याचा प्रश्न मला पाठ आहे म्हणून मी चांगली प्रोग्रामर ठरते, आणि पहाटे अनोळखी प्रोग्रामच्या डंपमधून बिघडलेला बाइट काढते म्हणून ठरत नाही, हे मला पटत नाही. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

एब्सिडिकचा दिवस.

आपल्या लॅपटॉपची आस्की आणि मेनफ्रेमची एब्सिडिक यांचं अक्षरांच्या क्रमावर एकमत नाही. आस्कीत अंक आधी, मग मोठी अक्षरं, मग छोटी. एब्सिडिकमध्ये छोटी आधी, मग मोठी, अंक सगळ्यांत शेवटी. शिवाय इंग्रजी मुळाक्षरं सलग नाहीत, आय आणि जे यांच्यामध्ये भोक आहे. म्हणजे तिथे क्रमाने लावलेली फाइल इथे आणली की क्रम मोडलेली दिसते. 'पडताळ'मध्ये क्रमाची तपासणी कच्च्या बाइटवरच ठेवली.

चिन्हासहचे साधे अंकही गमतीचे आहेत. तिथे चिन्ह शेवटच्या अंकाच्याच बाइटमध्ये बसवतात : अधिक पाच हे 'ई' अक्षरासारखं दिसतं, उणे पाच 'एन'सारखं. नवीन मुलगा 'रकमेत अक्षर आलं' म्हणून घाबरतो. ते अक्षर नसतं, तो चिन्हासहचा आकडा असतो. याची वेगळी चाचणी लिहिली.

पण आज खरा वेळ गेला तो एका प्रयोगात. फाइल मेनफ्रेमवरून उतरवताना टेक्स्ट मोडमध्ये उतरवली तर काय होतं, ते घरी करून बघितलं. पायथनमध्ये एब्सिडिकची कोडपेज ०३७ (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) तयार मिळते, त्यातून पूर्ण रेकॉर्ड बाइटला बाइट रूपांतरित केलं. नावं, पत्ते सगळं वाचनीय झालं. रकमा मेल्या. पॅक्ड बाइट हे अक्षर नसतंच, पण रूपांतर करणाऱ्याला ते कळत नाही. त्यातली एक रक्कम मुद्दाम अडीचशे ठेवली होती :

०० ०० २५ ०० ०सी

एब्सिडिकमध्ये २५ हा हेक्स नवीन ओळीचा संकेत आहे. रूपांतरानंतर त्या जागी ओळ तुटली, एका रेकॉर्डची दोन झाली आणि पुढे ओळीओळीने वाचणारं सगळं चुकलं. दोनशे एकावन्न रुपयेही असेच तुटतात. दोनशे साठ तुटत नाहीत. वरवर बघणाऱ्याला वाटेल की काही ठरावीक ग्राहकांचाच डेटा खराब येतो, आणि तो त्या ग्राहकांच्या नोंदी तपासत बसेल.

'पडताळ' आता आधी एकूण लांबीला रेकॉर्डच्या लांबीने भाग जातो का ते बघतं, आणि कॉम्प-३ फील्डांपैकी किती टक्क्यांत अंक आणि चिन्ह दोन्ही योग्य आहेत ते मोजतं. फारच थोड्यांत असतील तर एकेक रेकॉर्डची तक्रार न करता एकच ओळ छापतं : फाइल टेक्स्ट मोडमध्ये उतरवलेली दिसते, बायनरीत पुन्हा उतरवा.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज जेवणाच्या सुट्टीत आमच्या टीममधल्या ज्येष्ठ मॅडमना साधनाबद्दल सांगितलं. त्या वाय-टू-के पासून या धंद्यात आहेत. त्या वेळी वर्षाचे दोनच अंक साठवलेले लाखो प्रोग्राम तपासायचे होते, त्या कामावर भारतातल्या कंपन्यांनी बस्तान बसवलं आणि कोबोल येणाऱ्यांना विमानाची तिकिटं मिळायची, असं त्या सांगतात.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुळात स्पेस येतात कुठून, ते शोधलंस?"

म्हटलं, "मॅडम, घरी शोधू शकत नाही, सोर्स तिकडे आहे. ऑफिसात वेळ बुक करायला कोड नाही. टाइमशीटवर कुठे दाखवू?"

"अगं, टाइमशीटचं मी बघते. तू आधी पाठीमागचा प्रोग्राम उघड. रेकॉर्ड लिहिण्याआधी ते कसं कोरं करतायत ते बघ. पैज लावते, मूव्ह स्पेसेस असणार."

तोच होता. ग्राहकाचं इथे काही लिहीत नाही, पण हा प्रकार कोबोलवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे, म्हणून नोंदवायला हरकत नाही. पूर्ण रेकॉर्डच्या गटावर 'मूव्ह स्पेसेस' केलं की भाषा आतली फील्डं बघत नाही. पहिल्यापासून शेवटच्या बाइटपर्यंत ४० भरते. रकमेच्या फील्डातही. पुढे ज्या व्यवहारात रक्कम भरली जाते तिथे ठीक, आणि ज्या क्वचित प्रकारात ती ओळ वगळली जाते तिथे ४० ४० ४० तसंच फाइलीत जातं. ते लिहिणारा प्रोग्राम सुखरूप संपतो. मार खातो तो तीन स्टेप पुढचा, जो बेरीज करतो. आम्ही वर्षानुवर्षं मार खाणाऱ्याचं टिकीट बंद करत होतो.

'इनिशियलाइझ' वापरलं तर भाषा प्रत्येक फील्डचा प्रकार बघते, अक्षरांत स्पेस आणि आकड्यांत शून्य टाकते. बदल एका ओळीचा.

रविवार, २ मार्च

अंबाजोगाईला जाऊन आले. शैक्षणिक कर्जाचे हप्ते चालू आहेत, दादा एमपीएससीच्या दुसऱ्या फेरीत आहे, घरात नियमित पगार माझाच. बाबांनी विचारलं, "नोकरी पक्की आहे ना?" म्हटलं, "पक्की आहे बाबा, पण मला बदलायची आहे." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पगार वाढतोय म्हणून बदलतेस का?" म्हटलं, "वाढेल, पण त्यासाठी नाही. इथे मला काम पुरतं करू देत नाहीत." एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी झाली. म्हणाले, "गाडी दुरुस्त न करता रस्त्यावर सोडायचा हुकूम आम्हालाही यायचा. सही मात्र आमची असायची."

यापुढे त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही.

शुक्रवार, १४ मार्च, धुळवड

सुट्टी. दुपारपर्यंत सोसायटीत गाणी चालू होती, मी दार लावून हर्क्युलस बसवला.

हर्क्युलस म्हणजे आयबीएमच्या मोठ्या यंत्रांची सॉफ्टवेअरमधली हुबेहूब नक्कल. रॉजर बाउलर यांनी सुरू केलेला, १९९९ पासून लोकांसमोर असलेला मुक्त प्रकल्प. त्यावर एमव्हीएस या आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टिमची ३.८जे ही जुनी, विनामूल्य मिळणारी आवृत्ती चालते. माझ्या चार वर्षं जुन्या लॅपटॉपवर ऑपरेटरचं कन्सोल उभं राहिलं आणि मी जेसीएल (जॉबला सूचना द्यायची भाषा) लिहून जॉब सोडला. ऑफिसात जे यंत्र मला फक्त ठरलेल्या खिडकीतून, ठरलेल्या हक्कांपुरतं दिसतं, ते इथे मुळापासून शेंड्यापर्यंत माझ्या हातात होतं.

मुद्दाम सॉक सेव्हन घडवून आणला. असेंब्लर या यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेतल्या काही ओळी, पॅक्ड बेरजेची 'एपी' ही सूचना, आणि एका बाजूला पाच स्पेस. सिस्टिमने जॉब थांबवला आणि कम्प्लिशन कोड दिला ०सी७.

हा कोड रोज बघते, पण आज त्याची फोड स्वतः करून पाहिली. प्रोसेसर चुकीच्या सूचनेवर अडला की एक प्रोग्राम इंटरप्ट येतो आणि त्याला क्रमांक असतो. एक म्हणजे अशी सूचनाच नाही. चार म्हणजे जिथे हात लावायची परवानगी नाही अशा मेमरीला हात लावला. सात म्हणजे डेटा चुकीचा. ऑपरेटिंग सिस्टिम पुढे ०सी लावते : ०सी१, ०सी४, ०सी७. रनबुकात या कोडांपुढे फक्त काय करायचं ते लिहिलंय. हार्डवेअरमधला कुठला क्षण तो कोड जन्माला घालतो ते नाही. ते कळल्यावर रनबुकाची पानं पाठ करावी लागत नाहीत.

मला आयुष्यात कुठल्या थरावर काम करायचं आहे ते आज नक्की झालं. स्क्रीनवर बटणं मांडणं वाईट काम नाही, पण माझं मन खाली रमतं : भाषा, कंपायलर, फाइलींची रचना, जुना कोड वाचून त्याचा अर्थ सांगणारी साधनं. बँका आणि विमा कंपन्या त्यांचं जुनं कोबोल आज ना उद्या हलवणार आहेत, आणि हलवायच्या आधी कुणालातरी ते समजून घ्यावं लागणार आहे. ते समजून घेणाऱ्यांत मला असायचं आहे.

मंगळवार, २५ मार्च

मॅनेजरशी बोलणं झालं. मी कागद नीट करून नेला होता : मूळ कारण, एक ओळीचा बदल, आणि तोवर जॉबच्या आधी एक पूर्वतपासणीची स्टेप.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग दार लावून घेतलं आणि खरं सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. करार टिकिटांच्या संख्येवर बेतलेला आहे. संख्या एका पातळीखाली गेली की पुढच्या नूतनीकरणात ग्राहक म्हणणार, इतकी माणसं कशाला. दोन जागा जातील. "त्या दोघांत तू नसशील, पण कुणीतरी असेल. शिवाय सोर्समधला बदल म्हणजे सपोर्ट नाही, एनहान्समेंट. त्याचा वेगळा करार."

मी घरी येताना बसमध्ये यावर फार विचार केला. वाकड पुलापाशी वाहतूक ठप्प होती, माण-शिवाजीनगर मेट्रोच्या खांबांशेजारी आमची बस नुसती उभी, त्यामुळे वेळही होता. ते खोटं बोलत नव्हते. ज्या दोघांच्या जागा जातील त्यांची घरं मला माहीत आहेत. तरीही हे गणित मला मान्य नाही. बिघाड जिवंत ठेवून त्याच्यावर पोट भरायचं, तर पाच वर्षांनी आमच्या हातात काय येणार? रेकॉर्ड बाजूला काढून जॉब पुन्हा लावण्याचं कौशल्य. ते काम आज एखादी स्क्रिप्टसुद्धा करेल, आणि ज्या दिवशी ग्राहकाला ते कळेल त्या दिवशी दोन नाही, सगळ्याच जागा जातील. मूळ शोधता येणारी माणसं तयार झाली असती तर हीच टीम एनहान्समेंटचा करार मागायला उभी राहिली असती.

हे सगळं मी त्यांना मेलमध्ये लिहिलं. मॅडमना कॉपीत ठेवलं, त्यांना विचारून.

रविवार, ३० मार्च, पाडवा

एचआरचं उत्तर अखेर आलं. एक फॉर्म भरायचा, ग्राहकाची माहिती, कंपनीची उपकरणं आणि कामाची वेळ वापरली नाही असं लिहून द्यायचं. मग हरकत नाही. भरला. पहिली आवृत्ती आज सार्वजनिक केली, मराठी आणि इंग्रजी दोन्ही मार्गदर्शिकांसह. मराठी मार्गदर्शिका मुद्दाम आधी लिहिली. लातूर, नांदेड, परभणीची पोरं दरवर्षी या ट्रेनिंगमध्ये येऊन बसतात आणि पॅक्ड डेसिमल म्हणजे काय हे त्यांना पहिल्या दिवशी त्यांच्या भाषेत कुणी सांगत नाही.

शनिवार, १२ एप्रिल

आजची मुलाखत वेगळी झाली. जुन्या सिस्टिम समजून घेऊन त्यांचं रूपांतर करणारी छोटी कंपनी आहे, बाणेरला. समोर बसलेल्या दोघांनी माझा कोड आधी वाचला होता. पहिलाच प्रश्न : "रीडिफाइन्स कसं हाताळता?"

एकाच जागेला दोन रचना. रेकॉर्डचा प्रकार 'अ' असेल तर ते वीस बाइट म्हणजे पत्ता, 'ब' असेल तर चार रकमा. कुठली रचना लागू हे कॉपीबुकात लिहिलेलं नसतं, ते प्रोग्रामच्या तर्कात असतं. मी सांगितलं की 'पडताळ' अंदाज बांधत नाही. वापरणाऱ्याने एका छोट्या नियम-फाइलीत प्रकार सांगायचा, आणि नियम नसेल तर तो भाग 'न तपासलेला' म्हणून अहवालात दाखवायचा. त्यांनी विचारलं, अंदाज का नाही? म्हटलं, साधनाने बरोबर म्हटल्यावर माणूस पुन्हा बघत नाही. त्यामुळे ज्याची खात्री नाही तिथे साधनाने बरोबर म्हणता कामा नये.

यावर तासभर बोललो. फळ्यावर बाइट मांडले. नोकरीच्या मुलाखतीत मला माझ्या कामाबद्दल विचारलं जाण्याची ही पहिलीच वेळ.

अडचण एकच. माझा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा आहे आणि त्यांना माणूस दीड महिन्यात हवा. ठेवणाऱ्या कंपनीने तीन महिने धरून ठेवायचं आणि घेणाऱ्या कंपनीने लगेच मागायचं, या दोहोंत पोरं भरडली जातात. काही जण हातात ऑफर नसतानाच राजीनामा टाकतात, म्हणजे दुसरीकडे 'लवकर येऊ शकते' म्हणता येतं. कर्जाचा हप्ता असणारीला तो जुगार परवडत नाही.

रविवार, २० एप्रिल

दोन बातम्या.

मॅडमनी एक ओळीचा बदल ग्राहकाच्या तांत्रिक माणसाला कॉलवर दाखवला. त्याने विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? बदल त्यांच्या टेस्ट सिस्टिममध्ये गेला आहे. मॅनेजरने माझ्या मेलला उत्तर दिलेलं नाही, पण अडवलंही नाही.

अप्रेझलचं पत्रही आलं. मधली श्रेणी. शेऱ्यात 'एसएलए पालन उत्तम'. मूळ कारणाचा उल्लेख नाही, कारण तो मोजायचा निकष या वर्षीच्या उद्दिष्टांत नव्हता. पुढच्या वर्षीच्या उद्दिष्टांत घ्या असं मी सिस्टिममध्ये लेखी टाकलं आहे. मी नसले तरी ते माझ्या जागी येणाऱ्याच्या उपयोगी पडेल.

बाणेरच्या कंपनीने ऑफर पाठवली. साठ दिवस थांबायला तयार आहेत, उरलेल्या तीसचे पैसे भरून मोकळं होण्याची मुभा माझ्या करारात आहे. ते पैसे जॉइन झाल्यावर परत देतो असं त्यांनी लेखी दिलंय. बाबांना फोन केला. उद्या सकाळी राजीनामा टाकते.

हँडओव्हरमध्ये नुसतं रनबुक देणार नाही. रोज पडणाऱ्या प्रत्येक जॉबच्या मागे कुठला प्रोग्राम ते फील्ड लिहितो, एवढी एक साखळी तरी जाण्याआधी काढून मॅडमच्या हवाली करायची आहे. नवीन आलेल्या दोन मुलांना ती काढायला शेजारी बसवणार आहे.

'पडताळ'मध्ये बाकी : ऑकर्स डिपेंडिंग ऑन. त्यात रेकॉर्डची लांबी त्याच रेकॉर्डमधल्या एका आकड्यावर ठरते, आणि तो आकडाच ४० ४० असला तर पुढचं रेकॉर्ड कुठे सुरू होतं हेच कळत नाही. बदलत्या लांबीच्या फाइलीत प्रत्येक रेकॉर्डच्या आधी चार बाइटचं लांबी सांगणारं शीर्षक असतं, त्याच्याशी ताळा घालून सावरता येईल असं वाटतंय. चाचणीची फाइल बनवली आहे, कोड पुढच्या शनिवारी.